रुंद पाऊल, अरुंद बूट

नवा जोडा पायाला ‘चावतो’ असे आपण मराठीत म्हणतो. हा शब्दप्रयोग मोठा न्यायाचा आहे. कारण त्यात दोष चावणाऱ्याकडे, म्हणजे जोड्याकडे जातो. परंतु दुकानातील बाकावर बसून चौथा जोडा पायात कोंबण्याची वेळ आली, की हा न्याय आपण सोयीस्करपणे विसरतो. विक्रेता सौजन्याने म्हणतो, “आपला पाय जरा रुंद आहे,” आणि जणू आपला एखादा दोष चारचौघांत उघडा पडला अशा संकोचाने आपण एक नंबर मोठा जोडा घेऊन घरी परततो. शहरातील सपाट रस्त्यावर ही तडजोड निभावून जाते. डोंगरावर ती निभावत नाही.

पावसाळा ओसरू लागला, की कळसूबाई, राजगड, हरिश्चंद्रगड यांच्या वाटा माणसांनी फुलून जातात. पूर्वी हा छंद थोड्या तरुणांपुरता होता. आता आईवडील, शाळकरी मुले, निवृत्त झालेले आजोबा असे कुटुंबच्या कुटुंब पाठीवर पिशव्या अडकवून निघते. चढताना सर्वांची मुद्रा प्रसन्न असते. खरी परीक्षा उतरताना होते. लांबीला मोठा पण रुंदीला अपुरा असा बूट पायात असेल, तर उताराच्या प्रत्येक पावलागणिक पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटे टोकावर आदळतात. दोन तासांनी अंगठ्याचे नख ठणकू लागते, दुसऱ्या दिवशी ते काळेनिळे होते आणि काही आठवड्यांनी गळून पडते. हे झाले किरकोळ दुःख. पाय बुटात हलतो म्हणजे बुटाने खडक धरला तरी पायाने बूट धरलेला नसतो, आणि अशा वेळी एखाद्या अरुंद आडव्या वाटेवर तोल गेला, तर प्रसंग नखावर भागत नाही.

म्हणून वाचकहो, रुंद पावलाच्या माणसाने डोंगरासाठी बूट कसा निवडावा, याचा विचार थोड्या विस्ताराने करू.

प्रथम मनातील संकोच दूर केला पाहिजे. रुंद पाऊल ही आपल्याकडे अपवादाची गोष्ट नाही. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० व्यक्तींच्या पावलांची यंत्राच्या साहाय्याने मापे घेतली. भारतीयांची पावले युरोपीय आणि अमेरिकन पावलांपेक्षा सामान्यतः रुंद असतात, असे त्यातून दिसून आले. अरुंद जोडे मिळत असल्यामुळे लोक गरजेपेक्षा लांब जोडे घेतात आणि मग पुरुष नाड्या करकचून आवळतात, हेही या पाहणीत नोंदले गेले. भारतीय पावलांसाठी ‘भा’ या नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचविण्यात आल्याची वार्ता २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या दुकानांत बुटांवर दिसणारे सहा, सात, आठ हे आकडे इंग्रजी अमदानीत येथे आले. ते आकडे ज्या पावलांवरून ठरले, ती पावले आपली नव्हती.

पाऊल रुंद का होते, याचेही उत्तर काही अंशी मिळाले आहे. बेल्जियममधील संशोधकांनी दक्षिण भारतातील अनवाणी चालणाऱ्या लोकांची पावले तपासून २००९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनवाणी वाढलेले पाऊल रुंद असते आणि चालताना शरीराचा भार तळव्यावर अधिक समतोल वाटला जातो, असे त्यांना आढळले. त्याही आधी, १९९२ मध्ये, मणिपाल येथील डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. जोडे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण शेकडा ८.६, तर अनवाणी फिरणाऱ्या मुलांत ते केवळ २.८ आढळले, आणि पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत अधिक होते. तेव्हा ऐसपैस पसरलेला चवडा हे बिघडलेल्या पायाचे लक्षण नव्हे. पुष्कळदा तो मोकळेपणाने वाढलेला पाय असतो.

मग लांबीचा एक नंबर वाढवून रुंदीचा प्रश्न का सुटत नाही? हा निव्वळ हिशेबाचा भाग आहे. इंग्रजी पद्धतीत एका नंबरामागे बुटाची लांबी इंचाच्या एक तृतीयांशाने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते. तळाची रुंदी मात्र साधारण दोनच मिलिमीटरने वाढते. समजा, आपल्या चवड्याला सहा मिलिमीटर अधिक जागा हवी आहे. ती नंबर वाढवून मिळवायची तर तीन नंबर चढावे लागेल, आणि बूट पायापुढे तब्बल एक इंच लांब होईल! आठ नंबरच्या माणसाने अकरा नंबरचा बूट घालून राजगडाच्या बालेकिल्ल्याचा कातळ चढण्याची कल्पनाच करून पाहावी.

जोडा ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पायावर बेतून तयार होतो, त्याला आपले कारागीर कलबूत म्हणतात. जोड्याचे सारे भवितव्य या कलबुतात साठवलेले असते. एकाच नंबरचे, पण दोन कारखान्यांच्या कलबुतांवर चढवलेले बूट रुंदीला निराळे निघतात, ते यामुळेच. काही परदेशी कारखाने एकाच लांबीचे बूट अनेक रुंदींत विकतात. अमेरिकन पद्धतीत पुरुषांची नेहमीची रुंदी ‘डी’, रुंद ‘टू ई’ आणि त्याहून रुंद ‘फोर ई’. स्त्रियांची नेहमीची ‘बी’ आणि रुंद ‘डी’ अशी ही अक्षरे असतात. न्यू बॅलन्स या कंपनीचे पुष्कळ बूट अशा रुंदीवार मिळतात. कीन आणि अल्ट्रा या कंपन्यांचे बूट बोटांकडे मोकळे असतात. ही नावे ओळखीपुरती दिली आहेत, शिफारस म्हणून नव्हे. शेवटी कलबूत आपल्या पायाशी जुळले पाहिजे; नाव कोणतेही असो.

येथे गृहिणींसाठी आणि तरुण मुलींसाठी एक उपयुक्त गोष्ट सांगावीशी वाटते. स्त्रियांचे म्हणून विकले जाणारे डोंगरी बूट बहुधा अधिक अरुंद कलबुतावर बेतलेले असतात. वरील अक्षरांवरूनच पाहा: पुरुषांची जी ‘नेहमीची’ रुंदी, ती स्त्रियांच्या मापात ‘रुंद’ म्हणून गणली जाते. तेव्हा पाऊल रुंद असेल तर पुरुषांच्या विभागातील लहान नंबर अवश्य घालून पाहावा. रंग कदाचित करडा किंवा मातकट मिळेल, पण सह्याद्रीत दिवसभर चालल्यावर सर्वांचेच बूट मातकट होतात. बाळंतपणानंतर पाऊल किंचित लांब-रुंद होऊन तसेच राहते, हा अनेकींचा अनुभव असतो, आणि वैद्यकीय अभ्यासांनी त्याला दुजोराही दिला आहे. म्हणून विवाहापूर्वीच्या नंबरावर विसंबू नये.

आता पकडीकडे वळू. डोंगरी बुटाच्या तळाचा इतिहास एका दुर्घटनेपासून सुरू होतो. १९३५ मध्ये इटलीतील व्हिताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती आल्प्समधील पुंता रासिका येथे बिघडलेल्या हवेत सापडून मृत्युमुखी पडले. त्या काळी पायथ्यापासून खडकापर्यंत खिळे ठोकलेले जड बूट आणि खडकावर चढण्यासाठी हलके, मऊ तळाचे जोडे अशी दुहेरी सामग्री वापरीत. हलके जोडे बर्फात आणि थंडीत निरुपयोगी ठरत, आणि त्या दिवशी तसेच घडले. खडक, बर्फ आणि चिखल या तिन्हींवर चालेल असा एकच तळ असावा, या ध्यासाने ब्रामानीने टायर बनवणाऱ्या पिरेलीच्या साहाय्याने खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे स्वामित्व नोंदवले. त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून त्या तळाला ‘व्हिब्रम’ हे नाव मिळाले. १९५४ मध्ये इटालियन पथकाने के-टू शिखर प्रथम सर केले, तेव्हा त्यांच्या बुटांना हेच तळ होते.

आज बाजारातील जवळजवळ प्रत्येक डोंगरी बुटाचा तळ त्याच कल्पनेचा वंशज आहे. परंतु खोल खाचा दिसल्या म्हणजे पकड आलीच, हा समज मात्र चुकीचा. खाचा उपयोगी पडतात त्या चिखलात आणि मातीत. तेथे त्या जमिनीत रुततात. उघड्या कातळावर रुतायला काही नसते. तेथे काम करते ते रबर, आणि तेही मऊ रबर, जे खडकाच्या बारीक खडबडीतपणात दबून बसते. तळाच्या उंचवट्यावर अंगठ्याचे नख दाबून पाहावे. ते किंचितही रुतत नसेल तर तो तळ वर्षानुवर्षे टिकेल, पण ओल्या कातळावर साथ देणार नाही. मऊ रबर लवकर झिजते हे खरे. टिकाऊपणा आणि पकड ही दोन्ही एकाच तळातून पूर्णांशाने मिळत नाहीत, आणि यांतून निवड करायचीच असेल तर डोंगरावर पकडीची करावी.

आपला सह्याद्री हा काळ्या बेसाल्टचा. हरिहर गडाच्या कोरीव पायऱ्या असोत की कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, असंख्य पावलांनी तेथील पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असतो. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांची जमीन निराळी. झाशीजवळच्या बिजौलीतील किंवा बुंदेलखंडातल्या अन्य गावांतील मराठी कुटुंबे ज्या टेकड्या पाहतात, त्या ग्रॅनाइटच्या. झाशीचा किल्लाही तशाच टेकडीवर उभा आहे. ग्रॅनाइटचे दाणे मोठे आणि खरखरीत असल्याने कोरड्या दिवसांत त्यावर साधा रबरी तळही चांगला चिकटतो. अशा खडकाची सवय असलेला पाहुणा श्रावणात सह्याद्रीत आला, म्हणजे त्याने आपल्या बुटावरचा विश्वास थोडा आवरता घ्यावा हे बरे. शेवाळलेल्या कातळावर जगातील कोणताही तळ खात्रीने टिकत नाही. तेथे वाट बदलणे किंवा बसून उतरणे हाच उपाय. आणि कोरड्या ऋतूतही सर्व सुरक्षित असते असे नाही. माघ-फाल्गुनात कातळावर पसरलेला बारीक मुरूम पायाखाली गोट्यांसारखा पळतो, आणि उतारावरचे वाळलेले गवत पायाखाली आडवे झाले, की ते शेवाळाइतकेच दगाबाज ठरते. या दोन्ही ठिकाणी टाचेपुढे खोल काटकोनी खाच असलेला तळ बराच आधार देतो.

येथे कोणी विचारील, की पायथ्याच्या गावचा वाटाड्या साध्या प्लॅस्टिकच्या जोड्यात, कधी अनवाणीही, आपल्या आधी माथ्यावर कसा पोहोचतो? प्रश्न योग्य आहे. त्याचे पाऊल पसरट असते, बोटे मोकळी असतात, आणि लहानपणापासून त्या वाटेवर वावरल्यामुळे भार कोठे टाकावा हे त्याला न पाहता कळते. त्याच्या जोड्याचे अनुकरण करण्यापेक्षा त्याच्या बोटांना जो मोकळेपणा मिळतो, तो आपल्याला कसा मिळेल हे पाहावे. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था निघाली. पुढे महाराष्ट्रातील डोंगरभटक्यांच्या पायांत अनेक वर्षे कापडी ‘हंटर’ बूट दिसत आणि नंतर ‘अ‍ॅक्शन’चे स्वस्त बूट आले. दिसायला दोन्ही सामान्य. पण कातळावरील पकडीसाठी त्यांची ख्याती झाली. भारी किमतीचाच बूट चांगला, या समजुतीला एवढे उत्तर पुरेसे आहे.

रुंदी आणि पकड यांचा परस्परसंबंध मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बूट अरुंद असेल तर चवड्याची बाहेरची कड तळाच्या बाहेर ओसंडते. करंगळीखाली रबर नसते, नुसते वरचे कापड असते. तिरक्या उतारावर ज्या कडेवर सारा भार यायचा, तीच कड निराधार राहते आणि घोटा बाहेरच्या बाजूस मुरगळतो. उलट, बूट फार लांब घेतला तर तो जेथे वाकतो ती जागा चवड्याच्या सांध्याशी जुळत नाही. पाऊल एका ठिकाणी वाकते, तळ दुसऱ्या ठिकाणी. मग उत्तमातला उत्तम तळ असूनही त्याचा अर्धाच भाग खडकाला टेकतो. म्हणूनच आधी रुंदी जुळवावी आणि मग पकड पाहावी, असा क्रम ठेवावा असे माझे मत आहे. लोक नेमके उलट करतात: तळ उलटा करून पाहतात, तो पसंत पडतो, आणि मग पाऊल त्यात बसवण्याची खटपट सुरू होते.

माप घरी, कागदावर घ्यावे. वेळ संध्याकाळची असावी, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे सुजून मोठे झालेले असतात, आणि डोंगरावर ते तसेच होतात. डोंगरावर घालायचे तेच जाड मोजे घालावेत. जमिनीवर कोरा कागद भिंतीला टेकवून ठेवावा, टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे, आणि घरातील दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची बाह्यरेषा काढून घ्यावी. स्वतः वाकून काढू नये. वाकले की भार सरकतो आणि माप फसते. मग टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडापासून करंगळीच्या मुळाशी असलेल्या हाडापर्यंतची रुंदी मोजावी, आणि त्याच जागी शिंप्याच्या फितीने पावलाचा घेरही घ्यावा. दोन्ही पायांचे माप घ्यावे. ते क्वचितच सारखे असतात. मोठे असेल ते खरे मानावे.

ही आकृती कापून दुकानात न्यावी. बुटाच्या आतली सुटी गादी बाहेर काढावी आणि कागदी पाऊल तिच्यावर ठेवावे. कागद चवड्यापाशी दोन्ही बाजूंनी गादीबाहेर येत असेल, तर तो बूट पायात घालून पाहण्याचेही कारण नाही. विक्रेता “वापरून सैल होईल” असे म्हणेल. कातडे रुंदीत थोडे सैल होते हे खरे, आणि जुना चर्मकार लाकडी कलबूत ठोकून ते आणखी थोडे ताणून देऊ शकतो. कृत्रिम कापड मात्र फारसे ताणत नाही, आणि तळ तर कधीच रुंद होत नाही. जेथे मोठी दुकाने नाहीत तेथील वाचकांना हल्ली जोडे दूरवरून मागवावे लागतात. त्यांना तर हे कागदी पाऊल फारच उपयोगी पडते: विक्रेत्याला नंबर न विचारता आतल्या गादीची लांबी आणि चवड्यापाशी तिची रुंदी मिलिमीटरमध्ये विचारावी, आणि परत करण्याची सवलत असेल तरच मागवावे.

बूट पायात आला, की नाड्या न बांधता पाय पुढे सरकवावा. टाचेमागे एक बोट सहज शिरले पाहिजे. मग टाच मागे ठोकून नाड्या बांधाव्यात. बोटे आत हलवता आली पाहिजेत, आणि टाच मात्र उचलली जाता कामा नये. दुकानात जिना असतोच. तो उतरून पाहावा. बोटे टोकाला लागली तर बूट परत करावा. हातात घेऊन बूट वाकवावा: तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. संकोच न करता पंधरा-वीस मिनिटे दुकानातच फिरावे. ज्याचे जळते त्यालाच कळते. विक्रेत्याला आपले पाऊल कळणार नाही.

मधुमेह असलेल्या मंडळींनी विशेष जपावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे बूट चावला तरी कळत नाही आणि फोडाची जखम होऊन बसते. त्यांनी पायाला काय वाटते यावर न जाता कागदावरील मापावरच निर्णय करावा, आणि डोंगरावर दर विश्रांतीला मोजे काढून पाय पाहावेत. मुलांच्या बाबतीत ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घेण्याची आपली काटकसर समजण्याजोगी आहे. पण ती शाळेच्या बुटापुरती ठेवावी, गडावर नको.

नाड्या बांधण्यातही पुष्कळ काही आहे. चवडा फार रुंद असेल तर पुढची पहिली दोन भोके मोकळी सोडून तेथून पुढे नाडी ओवावी. बोटांवरचा दाब लगेच कमी होतो. पावलाच्या वरच्या भागावर, घोट्याच्या अलीकडे, नाडीचे दोन पीळ देऊन तेथे ती पक्की करावी, म्हणजे पुढचा भाग सैल राहूनही टाच जागची हलत नाही. उतार सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून नाड्या पुन्हा आवळाव्यात. पाणी आत येऊ न देणारे महागडे अस्तर पावसाळी सह्याद्रीत फारसे कामाचे नाही, असे मला वाटते; ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरते आणि मग तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. जाळीदार बूट भिजतो, पण निथळतोही.

नव्या बुटाने थेट मोठ्या गडावर जाऊ नये. आठवडाभर घरात आणि बाजारहाटीला, मग पर्वतीसारख्या एखाद्या जवळच्या टेकडीवर, असा सराव करावा. परतल्यावर बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात न वाळवता आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवावेत आणि बोळे ओले झाले की बदलावेत. पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. तो हवेतील ओलाव्याने न वापरताही आतून कुजत जातो, आणि कोकणाच्या दमट हवेत लवकर. चार-पाच वर्षे माळ्यावर जपून ठेवलेला, नव्यासारखा दिसणारा बूट गडाच्या मध्यावर तळ सोडून देतो, तो या कारणाने. म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात तळ दोन्ही हातांनी वाकवून, कडेची भेग पाहून घ्यावी; आणि दोन हात बळकट सुतळी पिशवीत असू द्यावी. तळ सुटलाच, तर बुटावरून आडवीतिडवी गुंडाळून ती गावापर्यंत पोहोचवते.